खूण निळी झाली नाही

नरेश फोनवाल्याने मला फसवलं, आणि माझ्या फोनने कुसुमबाईला. दोन वर्षं झाली या गोष्टीला. भाव करताना मी माझा आकडा सांगून गप्प बसते, समोरचा कितीही तडफडला तरी खाली येत नाही. इथेही तसंच समजा.

मोह पुन्हा गळायला लागला आहे. काल उजाडायच्या आधी अंगणात आले तर वाऱ्यावर तो वास होता, आंबूस गोड, ओल्या गुळाच्या ढेपेसारखा. पहिल्या दिवशी तो हवासा वाटतो. आठव्या दिवशी डोकं धरतो. पंधरा दिवसांनी तो लुगड्याला, केसांना, पाण्याच्या हंड्याला, शेळीच्या तोंडालाही येतो, आणि मग कोणाला कळतही नाही. मला मात्र दोन वर्षांपासून तो रोज कळतो. वास आला की मी आधी फोन कुठे आहे ते पाहते.

आमच्या कुरखेड्याकडच्या जंगलात मोहाच्या झाडावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं, पण कोणतं झाड कोणाच्या घरचं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझं झाड माझ्या आईकडून आलं, नाल्यापलीकडे, एकटं. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. टप्, टप्. थांबून ऐकलं तर हलका पाऊस पडतोय असं वाटतं, पण आभाळ कोरडं असतं. उजाडताना झाडाखाली पिवळट पांढरे मणी सांडलेले दिसतात, रसाने फुगलेले. ऊन चढायच्या आत ते वेचायचे, अंगणात वाळत टाकायचे. तिसऱ्या दिवशी त्यांचे मनुक्यासारखे तांबूस सुरकुतलेले दाणे होतात. ते मी विकत घेते आणि विकते. तोच माझा धंदा.

पण मोह फक्त माणसालाच आवडतो असं नाही. अस्वलालाही आवडतो, आणि त्याची वेळही पहाटेचीच.

म्हणून आमच्यात हाळी होती. सात बाया, सात झाडं, एकमेकींना दिसणार नाहीत इतकी लांब. पहिली तिच्या झाडाखाली पोचली की हाळी द्यायची, "हूऽऽ". दुसरीने उत्तर द्यायचं, मग तिसरीने. सातवीची हाळी पुन्हा पहिलीला ऐकू आली की सगळ्या खाली बसून वेचायला लागायच्या. एखादीचं उत्तर दोनदा आलं नाही, तर टोपल्या तिथेच टाकायच्या आणि पत्र्याचे डबे बडवत सगळ्यांनी तिच्या झाडाकडे निघायचं. कारण विचारायचं नाही. आईच्या काळापासूनचा हा नियम.

मग टेकडीवर टॉवर आला. वनिताने, कुसुमबाईच्या सुनेने, सात जणींसाठी मेसेजचा एक गट केला. झाडाखाली बोलणं लागत नसे, पण थांबून थांबून एखादा मेसेज जायचा. पहाटे वनिता गटात मोहाचा फोटो टाकायची. सगळ्यांनी तो उघडून पाहिला की तिच्या फोनवर त्याच्याखालच्या दोन बारीक खुणा निळ्या होत. एकीने जरी पाहिला नसला तरी त्या राखाडीच राहत. निळं म्हणजे सातही जणी जाग्या, सातही जणी ठीक. हळूहळू हाळी थांबली. पत्र्याचे डबेही घरी राहू लागले.

कुसुमबाईला अक्षर येत नाही. तेव्हा वर्षाचे आठ महिने ती तळ्यात मासे धरायची, जाळ्याची गाठ डोळे मिटून घालायची, पण सही म्हटलं की अंगठा. ती मला म्हणाली होती, "इंदू, म्या अख्ख्या जिंदगीत एवढंच वाचलं वो. निळं." तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून ती रोज आधी वनिताच्या झाडाखाली थांबून तिचा फोन हातात घेऊन ते निळं व्हायची वाट पाहायची. झालं की कपाळाला लावायची.

आता माझ्याविषयी. नवरा गेला तेव्हा माझ्याकडे एक टोपली होती आणि दहावीचं प्रमाणपत्र. आज माझा स्वतःचा टेम्पो आहे. मोह, चारोळी, हिरडा, चिंच मी गावोगावी घेते आणि शहरातल्या शेठला घालते. हे कोणाच्या मेहरबानीने झालं नाही. समोरचा जे बोलतो त्यावर मी कधी भरवसा ठेवला नाही, जे गिळतो त्यावर ठेवला. तोंडावर भाव करताना माणसाचा कंठ हलतो, डोळा पापणीआड जातो. तेवढ्यावर मी धंदा केला. भाव फोनवर व्हायला लागले तेव्हा माझे अर्धे डोळे गेले. उलट शेठला माझं सगळं दिसायला लागलं. त्याने भाव पाठवला, मी उघडला, खूण निळी झाली, की त्याला कळायचं बाई वाचून विचारात पडली आहे. विचारात पडलेला माणूस अर्धा विकलेला असतो.

त्यात माझा फोन म्हातारा झाला. म्हणजे कंपनीने तो म्हातारा ठरवला. नवीन काही येईना, जुनं चालेना, दर चार दिवसांनी सूचना, हे तुमच्या फोनवर यापुढे चालणार नाही. काच शाबूत, बॅटरी चांगली, पैसे मोजून घेतलेला. बैल माझा आणि दावं दुसऱ्याच्या हातात, असा हा प्रकार. दूध देणाऱ्या गायीला भाकड ठरवणारा हा कोण, असं मी शुक्रवारच्या बाजारात तावातावाने बोलत होते, तेव्हा नरेशने ऐकलं.

नरेशचं ताडपत्रीचं पाल सुक्या मासळीच्या रांगेच्या टोकाला. कव्हरं, चार्जर, काचा. तिशीतला, बोलायला गोड.

"बाई, कंपनी म्हनते मेला. म्या जित्ता करून देतो."

"काय करशीन?"

"आतलं सारं काढून फेकतो. दुसरं टाकतो. दुनियाभरचे लोकं फुकटात बनवतात हे. गॅरंटी गेली समजा, पन तुमच्या फोनची गॅरंटी तर कवाचीच गेली न?"

"अन् बंद पडला तं?"

"तं आताबी बंदच हाये न वो!"

हे मला पटलं. दोन तास मी तिथे बसले, माझ्या फोनवरून नजर न हलवता. काळ्या पडद्यावर बारीक अक्षरं धावत होती आणि मला वाटत होतं, याच्या हाती घराची किल्ली दिली. पण फोन उठला तो पळायलाच लागला. अक्षरं मोठी झाली, नको ती ॲपं गेली, जागा मोकळी झाली. खोटं कशाला बोलू? ते काम चोख होतं. आजही मी तोच फोन वापरते, आतलं तेच ठेवून.

तिथे थांबायला हवं होतं. पण नरेशने विचारलं, "अजून एक चीज हाये. मेसेजचं ॲप. दिसते सेम, पन हे कंपनीचं नाई." त्यात मी वाचलं तरी समोरच्याची खूण निळी होत नाही, आणि समोरच्याने पाठवून पुसलेलं मला दिसत राहतं. मी पाणी पीत होते, तांब्या तसाच राहिला. माझे गेलेले डोळे तो परत देत होता.

ते टाकताना फोनने एक प्रश्न विचारला होता. जिथून हे येत आहे त्यावर तुमचा विश्वास आहे का? मला स्पष्ट आठवतं, कारण आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या यंत्राने मला माझ्या आवडीचा प्रश्न विचारला होता. मी वाचेपर्यंत नरेशच्या अंगठ्याने "हो" दाबलं. मग फोनमधले नंबर पाहू का, फोटो पाहू का, आवाज ऐकू का. हो, हो, हो. जिने कधी सख्ख्या भावाला हो म्हटलं नाही तिच्या वतीने चारदा हो.

त्या हंगामात मी शेठला नाचवलं. तो भाव पाठवायचा, मी वाचायची, त्याच्याकडे खूण राखाडीच. तासाभराने तो घाबरून वाढवून पाठवायचा. एकदा त्याने मोठा आकडा लिहिला आणि लगेच पुसला. मी दुसऱ्या दिवशी नेमका तोच आकडा मागितला. "बाई, तुम तो जादूगरनी हो," शेठ म्हणाला. गावाला मोहाचा असा भाव आधी कधी मिळाला नव्हता. हा फायदा मी एकटीने खाल्ला नाही, हे लिहून ठेवते, कारण माझ्याविषयी वेगळं बोललं जातं.

ते वेगळं बोलणंही मला त्याच ॲपने दाखवलं. एका दुपारी वनिताने आमच्या गटात लिहिलं, "इंदूबाई शेठकडून कितीचा भाव घेते कोनाले मालूम?" आणि लगेच पुसलं. बाकीच्यांना दिसलं फक्त मेसेज पुसल्याचं. मला शब्द दिसले. तिने ते चुकून गटात टाकलं असेल, मनात पाप नसेलही. पण पुसलेलं वाचणाऱ्याला पुन्हा विचारता येत नाही. विचारायचं तर कसं वाचलंस ते सांगावं लागतं. मग मी काय केलं, तर तिच्या मोहात खडे आहेत म्हणून टोपली तीनदा पाखडायला लावली. ती बिचारी पाखडत राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले, कंठ हलतो का.

माणसं जे पुसतात ते पुसू द्यावं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

मग आला तो शुक्रवार. त्या ॲपवर सूचना आली की याची मुदत संपली, नवं टाका. मी बाजारात नरेशकडे गेले. गर्दी होती, मिरचीचा खकाणा उडत होता, तो शिंकत काम करत होता.

"सारं चालू करून देतो, बाई. नव्यात लई बटनं आली. बसा, एक एक समजावून सांगतो. फक्त पन्नास रुपये जास्तीचे."

"कायचे पन्नास?"

"समजावून सांगाचे. अर्धा घंटा जाते माहा."

"मले शिकवाचे पैसे मांगून राह्यला का रे? म्या तुले बाजार शिकवीन, देशीन मले पन्नास?"

बाजूचा मासळीवाला हसला. नरेशही हसला, पण फोन माझ्या हातात देताना जरा आपटूनच दिला. "ठीक हाये. न्या. सारं चालू हाये." मी विजयी पावलांनी घरी आले. पन्नास रुपये वाचवले होते.

संध्याकाळी हातपंपावर मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "उद्या झाडाखाली मीच पयली पोचन."

पण शनिवारी पहाटे निघायच्या बेतात होते आणि शेठचा मेसेज आला. उरलेल्या सगळ्या हंगामाचा भाव ठरवू म्हणाला. अंगणात टॉवर चांगला लागतो, झाडाखाली नाही. मी टोपली खाली ठेवली आणि बाजेवर बसले. तेवढ्यात वनिताचा फोटो आला, मोहाचा, ओला. मी तो उघडला. नीट पाहिला. मी पाहिलं म्हणजे माझी खूण गेली, म्हणजे इंदू ठीक आहे हे त्यांना कळलं, असं धरून मी शेठकडे वळले. त्यात माझी काही चूक मला आजही सापडत नाही, आणि तरी मी ती रोज शोधते.

तिकडे खूण राखाडीच होती. वनिताने मेसेजवर बोट दाबून धरलं, कोणी पाहिलं नाही त्याचं नाव आलं. माझं. झाडाखालून फोन लावला, तो लागला नाही. कुसुमबाईचं झाड नाल्याच्या अलीकडे, माझ्या झाडाला सगळ्यात जवळचं. ती तिथे धावली आणि कितीतरी दिवसांनी तिने तोंडाने हाळी दिली. हूऽऽ, इंदूऽऽ. दुसऱ्यांदा दिली. वनिता लांबून ओरडली, "आत्याबाई, थांबा, साऱ्या मिळून जाऊ!" कुसुमबाई थांबली नाही. नियम तिच्या हाडात होता. डबा मात्र घरी होता.

पुढचं तिने मला गडचिरोलीच्या दवाखान्यात सांगितलं, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत बांधलेला.

"अंधुक होतं. तुया झाडाखाली तू दिसली. काळी घोंगडी पांघरून, वाकून वेचून राह्यली. म्या म्हटलं, काऊन बोलून नाई राह्यली वो हे? रागावली का काय? जवळ गेली. म्हटलं, इंदू, इतक्या हाळ्या देल्या, तोंडात मोह भरला का तुया?" इथे ती हसायला लागली आणि टाके ओढले म्हणून कण्हली. "तं ते वळलं. अन् खेकसलं बी तुयासारखंच."

वॉर्डातल्या दोन बायाही हसल्या. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

त्या शनिवारी अंगणात मी भाव जिंकला होता. शेठने मी म्हटलेला आकडा मान्य केला होता. मी उठून चुलीवर चहा ठेवला तेव्हा नाल्याकडून बायांचा आरडाओरडा आला. धावत गेले. चौघी जणी लुगड्याच्या झोळीत कुसुमबाईला आणत होत्या. मला धडधाकट समोरून येताना पाहून वनिता जागच्या जागी थांबली. झोळी हिंदकळली. ती एवढंच म्हणाली, "तुमी घरीच होत्या?"

अस्वल तिचा जीव घेऊन गेलं नाही. हात घेऊन गेलं. हात जागेवर आहे, पण मूठ वळत नाही. जाळ्याची गाठ बसत नाही. मोह ती डाव्या हाताने वेचते, माझ्या अर्ध्यानेही नाही. पंचनाम्याला आलेल्या माणसांनी तिला तीनदा विचारलं, तुम्ही स्वतःचं झाड सोडून तिकडे का गेला होता? तिने तीनदा एकच सांगितलं, "खून निळी झाली नाई म्हनून." त्यांनी ते लिहून घेतलं की नाही माहीत नाही.

दवाखान्यातून आल्यावर मी वनिताला बसवलं आणि फोन उघडला. त्या ॲपच्या आत दोन वेगळी बटणं निघाली. एक, समोरच्या माणसापासून निळी खूण लपवायचं. दुसरं, गटापासून लपवायचं. दोन्ही चालू. मूळ ॲपमध्ये गटातली खूण कोणालाच लपवता येत नाही, असं वनिताने दाखवलं. कोणीतरी विचार करून तो दरवाजा बंद ठेवला होता, आणि दुसऱ्या कोणीतरी, जो कुठे राहतो कोणाला माहीत नाही, तो उघडून दिला होता. हंगामाआधी टाकलेल्यात ते दुसरं बटण बंद असणार, कारण तोवर रोज निळं होत होतं. शुक्रवारनंतर चालू झालं. मी त्याला हात लावला नव्हता. ते आहे हेच मला माहीत नव्हतं.

मी बायांना सगळं सांगितलं, हातपंपाजवळ, उभ्याने. पुसलेलं वाचत होते हेही. वनिताने मान खाली घातली. रागवायचा हक्क तिचा होता आणि लाजली ती. कुसुमबाई म्हणाली, "तू जित्ती हायेस न? मंग झालं." तिचं झालं असेल. माझं झालं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी नरेशच्या पालासमोर उभी राहिले.

"गटाचं बटन कोनं दाबलं?"

"म्या नाई, बाई. तुमचंच बोट लागलं असन."

"तूच म्हटला न, सारं चालू करून देतो?"

"म्हटलं तं समजावूनबी सांगतो म्हटलं होतं." तो मासळीवाल्याकडे पाहून बोलला, माझ्याकडे नाही. "तुमीच पन्नास रुपये वाचवले."

मी त्याचं फळकूट उलटं केलं. चार्जर, कव्हरं, काचा, सगळं सुक्या मासळीत. राग ही माझी जुनी खोड आहे. लोक त्या दिवशीच्या माझ्या रागावरच बोलत राहिले, आणि मूळ प्रश्न मासळीच्या ढिगात राहून गेला. नरेशने पाल उचललं ते मुलचेऱ्याकडच्या बाजारांत नेलं. मी हरले. बाजारात आधी ज्याचा आवाज चढतो तो हरतो, हे मी दुसऱ्यांना शिकवत आले आहे.

ॲप मी काढून टाकलं. पण माझे नंबर, माझे भाव, माझा आवाज कुठे कुठे गेला कोण जाणे. कर्ज हवं का विचारणारे अनोळखी फोन अजून येतात आणि मला नावाने हाक मारतात. कंपनीवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण तिच्या दारावर निदान पाटी तरी असते, तिथे जाऊन शिव्या देता येतात. त्या दुसऱ्या वस्तूला पाटीच नाही. फायदा देताना ती माझ्या तळहातात होती. जाब विचारायला गेले तर हात रिकामा.

तेव्हापासून आम्ही पुन्हा तोंडाने हाळी देतो. डबे पुन्हा बाहेर आले आहेत, पोचे पडलेले. आज पहाटे कुसुमबाईने पहिली हाळी दिली, तिचा आवाज थोडा फाटला आहे. दुसरी, तिसरी, चौथी. मी नाल्यापलीकडून उत्तर दिलं, पोटातून, सगळा जोर लावून. मग वनिताचा आवाज आला, "इंदूबाईऽऽ?" मी पुन्हा उत्तर दिलं. बाकी कोणाला त्या दोनदा विचारत नाहीत. मला विचारतात. रोज. आणि मी रोज दोनदा उत्तर देते.

वनितानेच सांगितलं, नरेश परत आला आहे. त्याच रांगेत, मासळीच्या टोकाला.

तर नरेश, हे तुझ्यासाठी. माझ्या वाट्याचं मी साऱ्या जणींसमोर सांगितलं. तुझ्या वाट्याचं बाकी आहे. ते बटण तू दाबलंस की नाही, दाबलंस तेव्हा ते काय करतं हे तुला माहीत होतं की नाही, माहीत होतं तर फोन हातात देताना तोंड का उघडलं नाहीस, एवढंच. शुक्रवारी मी येते. फळकुटाला हात लावणार नाही. कुसुमबाईला घेऊन येते, तिला समोर बसवते, आणि तुझे पन्नास रुपये तुझ्यापुढे ठेवते. अर्धा तास लागतो म्हणाला होतास. घे अर्धा तास. तिला समजावून सांग.